क्रॉस उलटा लावला की अंडी का जगतात?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कृषी कीटकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तळेगावच्या पॉलिहाऊसमधल्या गुलाबावरून दोन ठिपक्यांचे हिरवट कोळी (माइट, ही सूक्ष्म कीड) आणले आणि सासवडजवळच्या वांग्यावरून लालभडक कोळी आणले. तळेगावची मादी आणि सासवडचा नर अशी जोडी (क्रॉस) लावली की बरीच अंडी आकसून जातात आणि जी पिल्लं जगतात त्यांत नरच जास्त. जोडी उलटी लावली, म्हणजे सासवडची मादी आणि तळेगावचा नर, की सगळं सुरळीत. तर या दोन वेगळ्या जाती मानायच्या का? गाइड म्हणतात वोल्बाकिया हा बॅक्टेरिया असेल, टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक देऊन बघ. त्याने खात्री पटेल का? शिवाय पॉलिहाऊसचे मालक विचारतात, हे बॅक्टेरियाच मारले तर कोळी मरेल का?

जातीचा निष्कर्ष इतक्यात काढू नका. तुमच्या निरीक्षणातली सर्वांत मोलाची गोष्ट अंडी मरणं ही नाही. ती एकाच दिशेने मरतात, ही आहे. दोन्ही दिशांनी बिघडलं असतं तर मी आधी म्हटलं असतं की कोळ्यांची ओळख पुन्हा तपासा. एका दिशेने बिघडतं तेव्हा संशय आईकडून येणाऱ्या कशावर तरी जातो, आणि कोळ्यांत अशा संशयितांची यादी वोल्बाकियापासून सुरू होते, पण तिथे संपत नाही.

हे बॅक्टेरिया पेशीच्या आत राहतात आणि अंड्यातून पुढच्या पिढीत जातात. शुक्राणूत त्यांना जागाच नसते. त्यामुळे नराच्या शरीरात शिरलेला वोल्बाकिया वंशाच्या दृष्टीने तिथेच संपतो. त्याच्या सगळ्या करामती या एका अडचणीतून निघतात: बाधित माद्यांचा वाटा वाढवायचा, मग नरांचं काहीही होवो. तुमच्या क्रॉसमध्ये जे दिसतं त्याला सायटोप्लाझ्मिक इन्कम्पॅटिबिलिटी म्हणतात. बाधित नराचे शुक्राणू तयार होतानाच बॅक्टेरियाची प्रथिनं त्यांत बदल करून ठेवतात. असा शुक्राणू अबाधित मादीच्या अंड्यात गेला की पहिल्याच विभाजनाच्या वेळी बापाची गुणसूत्रं मागे पडतात आणि भ्रूण मरतो. अंड्यात तोच बॅक्टेरिया आधीपासून असेल तर त्याच्याकडे उतारा असतो आणि सगळं नीट चालतं. याची जनुकं 2017 मध्ये दोन गटांनी शोधून काढली. त्यांना सिफ-ए आणि सिफ-बी म्हणतात.

आता हे तुमच्या जोड्यांना लावून बघा. सासवडचे नर बिघाड करतात, म्हणजे सासवडचे कोळी बाधित असावेत. तळेगावच्या माद्या तो बिघाड दुरुस्त करू शकत नाहीत, म्हणजे त्या अबाधित. उलट्या जोडीत बाधित मादी आणि साधा नर, त्यामुळे अडचण नाही. आणि नर जास्त का? कोळ्यात फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो आणि फलन झालेल्यातून मादी. बापाची गुणसूत्रं बिघडतात तेव्हा मरतात ती फक्त फलित अंडी, म्हणजे होणाऱ्या मुली. बिनबापाचे मुलगे सुखरूप राहतात. डासांत अशा जोडीची जवळजवळ सगळी अंडी वाया जातात. कोळ्यांत चित्र अर्धवट दिसतं ते यामुळे. म्हणून नुसतं ‘उबवण किती टक्के’ नोंदवून थांबू नका. दर मादीमागे घातलेली अंडी, आकसलेली अंडी आणि प्रौढ झालेले नर व माद्या असं सगळं वेगवेगळं मोजा. दोन ठिपक्यांच्या कोळ्यात सर्वसाधारणपणे एका नरामागे तीनेक माद्या निघतात; ते प्रमाण कुठे ढासळतं तिथे लक्ष द्या.

पण हे सगळं करण्याआधी एक कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळता येणार नाही. नरांच्या स्लाइड करा, नर आडवा ठेवून, आणि जननेंद्रियाच्या टोकाचा आकार बघा. या कोळ्यांच्या टेट्रानिकस गटातल्या जाती मादीवरून ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. आपल्याकडे वांग्या-भेंडीवर टेट्रानिकस लुडेनी, टेट्रानिकस मॅकफार्लानी अशा इतर जातीही असतात आणि शेतकऱ्याच्या तोंडी त्या सगळ्या ‘लाल कोळी’च. रंगावर तर मुळीच जाऊ नका. लाल रूपाला पूर्वी टेट्रानिकस सिनाबारिनस अशी वेगळी जात मानत. 2013 मध्ये फ्रेंच अभ्यासकांनी रूपरचना, क्रॉस आणि डीएनए एकत्र तपासून ती टेट्रानिकस अर्टिसी, म्हणजे दोन ठिपक्यांचा कोळी, हीच जात असल्याचं दाखवलं, लाल आणि हिरवं ही तिची दोन रूपं. तुमचे सासवडचे लाल आणि तळेगावचे हिरवे याच गोष्टीचा पुण्यातला नमुना असू शकतात. जुन्या भारतीय प्रबंधांत मात्र सिनाबारिनस हे नाव सर्रास सापडेल. तिथली तुलना डोळे उघडे ठेवून करा.

स्लाइडवरून दोन्ही एकच जात ठरली की टेट्रासायक्लिनकडे वळा. गाइडनी सुचवलेला प्रयोग बरोबर आहे, फक्त तो अर्धाच केला जातो असं मला वारंवार दिसतं. बहुतेक जण सासवडचे कोळी ‘बरे’ करतात, त्या बऱ्या नरांना तळेगावच्या माद्या देतात, अंडी जगली की आनंदाने लिहितात, सिद्ध झालं. परीक्षक विचारेल, कशावरून औषधानेच काहीतरी बदललं नाही? त्याला उत्तर देणारी जोडी वेगळी आहे: बऱ्या केलेल्या सासवडच्या माद्या आणि मूळच्या, औषध न दिलेल्या सासवडच्या नरांची. दोघं एकाच वंशाचे, जनुकं तीच, फरक फक्त बॅक्टेरियाचा. तिथे अंडी आकसली आणि मुली कमी झाल्या, तर बॅक्टेरियावर बोट ठेवता येतं. सोबत दोन्ही बाजूंनी बरे केलेले, आणि मूळ मादी-बरा नर, अशा जोड्याही ठेवा. या दोन्ही चांगल्या निघायला हव्यात. औषध देऊनही सासवडचा नर तळेगावच्या मादीची अंडी बिघडवतच राहिला, तर दोष कोळ्याच्या स्वतःच्या जनुकांत आहे. कोळ्यांच्या लांबच्या वस्त्यांत तेही आढळतं, आणि तो निष्कर्ष कमी दर्जाचा नाही.

करताना काही गोष्टी सांभाळा. घेवड्याच्या पानाच्या चकत्या साध्या ओल्या कापसाऐवजी टेट्रासायक्लिनच्या पाण्याने भिजवलेल्या कापसावर ठेवायच्या आणि माद्यांना तिथे अंडी घालू द्यायची. एका पिढीने समाधान मानू नका. मुख्य म्हणजे औषध बंद केल्यावर दोन-तीन पिढ्या साध्या पानावर जाऊ द्या, मगच क्रॉस लावा. टेट्रासायक्लिन मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिननिर्मितीलाही अडथळा आणतं. लगेच मोजलं तर औषधाची अशक्तता बॅक्टेरियाच्या नावावर जमा होते. क्रॉससाठी कुमारी माद्या हव्यात तर प्रौढ होण्यापूर्वीच्या शेवटच्या निश्चल अवस्थेतल्याच उचला. त्या ओळखायला सोप्या, कारण शेजारी एखादा नर ताटकळत बसलेला असतो. त्याला बाजूला करायला विसरू नका.

पुण्यातल्या मंडळींना खास सांगायचं ते तापमानाबद्दल. 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की हाच दोन ठिपक्यांचा कोळी 32 अंशांवर सलग वाढवला तर चार पिढ्यांत बहुतेक आणि सहा पिढ्यांत सगळे वंश वोल्बाकियामुक्त होतात. औषध नाही, काही नाही, नुसती ऊब. आता एप्रिल-मेमधली आपल्याकडची एसी नसलेली प्रयोगशाळा डोळ्यासमोर आणा. तिथे 32 अंश ही थंडीच म्हणायची, आणि त्या तापमानाला कोळ्याची पिढी दहा दिवसांच्या आत निघते. फेब्रुवारीत बाधित असलेली तुमची वसाहत जूनमध्ये आपोआप ‘बरी’ झालेली असू शकते आणि क्रॉसचे निकाल एकमेकांशी जुळेनासे होतात. मग दोष सांख्यिकीला दिला जातो. वसाहत पंचवीस अंशांच्या आसपास ठेवा, तापमान रोज लिहा आणि प्रत्येक क्रॉसच्या वेळी त्याच वसाहतीतले काही कोळी ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये राखून ठेवा. ते पुढे पीसीआर, म्हणजे बॅक्टेरियाचा डीएनए शोधायची चाचणी, करताना लागतील. शेतातल्या वस्त्याही याला अपवाद नाहीत: हिवाळ्यातला नमुना आणि उन्हाळ्यातला नमुना यांत बाधेचं प्रमाण वेगळं आलं तर लगेच चूक समजू नका.

पीसीआरबद्दल माझं मत जरा कडक आहे. वोल्बाकियाच्या डब्ल्यूएसपी जनुकाचा बँड (जेलवर दिसणारी डीएनएची पट्टी) आला म्हणजे कारण सापडलं असं नाही. बॅक्टेरिया हजर आहे इतकंच कळतं. आणि बँड आला नाही म्हणजे बॅक्टेरिया नाही असंही नाही, एका कोळ्यातून मिळणारा डीएनए असतो किती! दर नमुन्यात कोळ्याच्या स्वतःच्या जनुकाचाही पीसीआर करा, म्हणजे डीएनए तरी नीट निघाला हे समजेल. वोल्बाकिया नाही निघाला तर कार्डिनियम या दुसऱ्या बॅक्टेरियाचे प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरा. कार्डिनियम हा बॅक्टेरॉइडिटीज गटातला, वोल्बाकियाशी त्याचं लांबचंही नातं नाही. तरी तोही हुबेहूब असाच परिणाम घडवतो, एन्कार्सिया या पांढऱ्या माशीवरच्या परोपजीवी गांधीलमाशीत 2003 मध्ये तो प्रथम दिसला. कोळ्यांत कार्डिनियम बराच सापडतो आणि कधी एकाच कोळ्यात दोघंही असतात. स्पायरोप्लाझ्मा आणि रिकेट्सिया हे बॅक्टेरियाही बघून घ्या. टेट्रासायक्लिनने हे सगळेच जातात, हे लक्षात असू द्या. म्हणून औषधाचा प्रयोग ‘कोणीतरी बॅक्टेरिया’ इथपर्यंत नेतो, नाव पीसीआर आणि सिक्वेन्सिंग सांगतं. आणखी एक फसवी वाट: ड्रोसोफिला अनानासी या आपल्याकडे फळांवर घोंगावणाऱ्या माशीच्या काही वंशांत वोल्बाकियाचा जवळजवळ अख्खा जीनोम माशीच्या गुणसूत्रांत जाऊन बसला आहे, हे 2007 मध्ये उघड झालं. तिथे बॅक्टेरिया मारला तरी बँड येतच राहतो.

डीएनए बारकोडवर, म्हणजे एका जनुकाच्या क्रमावरून, जाती ठरवण्याचा मोह होत असेल तर हेही ध्यानात घ्या की मायटोकॉन्ड्रियाही आईकडूनच येतात. बाधित मादीचा वंश पसरला की तिचा मायटोकॉन्ड्रियाही फुकटात पसरतो. त्यामुळे दोन वस्त्यांच्या बारकोडमधला फरक जातींमधला असेलच असं नाही, दोन बॅक्टेरियांच्या प्रसाराचा इतिहासही असू शकतो. तुमच्या प्रबंधात सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या बारकोड जनुकासोबत केंद्रकातलं एखादं जनुक नक्की ठेवा.

आईच्या वंशाचं हे गणित कळलं की इतर करामतीही आपोआप उलगडतात. उसावर ट्रायकोकार्ड लावणाऱ्यांना ट्रायकोग्रामा हा परोपजीवी गांधीलमाशीचा प्रकार माहीत असतो. त्याच्या काही वंशांत नर निघतच नाहीत. साध्या स्थितीत कुमारी मादीची सगळी अंडी नर होतात. वोल्बाकिया त्या एकेरी गुणसूत्रांच्या अंड्यात पहिल्या विभाजनातच संच दुप्पट करून टाकतो आणि मुलगी होते. 1990 मध्ये अँटिबायोटिक आणि उष्णता देऊन अशा वंशांत पुन्हा नर मिळवले गेले, तेव्हा कारण बॅक्टेरिया आहे हे पटलं. सर्व मादी असलेला वंश उत्पादनाला स्वस्त पडेल, कारण कार्डावरची प्रत्येक गांधीलमाशी कामाची. पण बाधित माद्या एकूण अंडी कमी घालतात असं अनेकदा दिसलं आहे, तेव्हा जाहिरातीवर विसंबून वंश बदलू नका. ब्रेव्हिपाल्पस या चपट्या कोळ्यात तर आणखी विचित्र प्रकार आहे. त्याच्या माद्या एकेरी गुणसूत्रांच्या असतात, म्हणजे नियमाने ते नर व्हायला हवेत. कार्डिनियम त्यांना मादी करून ठेवतो. हे 2001 मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा एकेरी गुणसूत्रांच्या माद्यांचीच अख्खी जात हे प्राण्यांतलं पहिलं उदाहरण ठरलं.

फुलपाखरांत नरहत्या दिसते. वेताळ टेकडीवर रुईच्या झुडपांपाशी दिसणारं प्लेन टायगर घ्या: पूर्व आफ्रिकेत त्याच्या वस्त्यांत स्पायरोप्लाझ्मा नर भ्रूण मारतो आणि जवळजवळ फक्त माद्याच उडताना दिसतात. अंड्यातच मेलेल्या भावांचा वाटा बहिणींच्या तोंडी पडतो, हा बॅक्टेरियाचा फायदा. ग्रेट एगफ्लाय पुण्यातही आहे. सामोआ बेटांवर त्याच्यातल्या वोल्बाकियामुळे 2001 मध्ये शंभर माद्यांमागे एक नर अशी अवस्था होती, आणि 2006 पर्यंत नर-माद्यांचं प्रमाण जवळपास सारखं झालं. बॅक्टेरिया गेला नव्हता. त्याला दाबणारं फुलपाखराचंच जनुक पसरलं होतं, आणि तेही दहाएक पिढ्यांत. उत्क्रांती इतक्या वेगाने घडताना क्वचितच कोणी पाहिली असेल. आपल्याकडे, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी पश्चिम घाटातल्या फुलपाखरांमधल्या वोल्बाकियाच्या विविधतेवर 2012 मध्ये काम प्रसिद्ध केलं आहे. संदर्भ शोधायला परदेशी पळण्याआधी ते वाचा.

आता पॉलिहाऊसवाल्यांचा प्रश्न. त्यांना स्पष्ट नाही सांगा. वोल्बाकिया मारून कोळी मरत नाही, उलट तो निरोगी राहतो आणि जोडीदाराची अडचणही संपते. त्यांच्या मनात बहुधा दुसऱ्याच प्रकारचे बॅक्टेरिया असतात. माव्यातला बुकनेरा, पांढऱ्या माशीतला पोर्टिएरा, हे त्या किडींच्या पोषणाचा भाग आहेत. रसात नसलेली अमिनो आम्लं ते बनवतात आणि त्यांच्याशिवाय मावा खुरटतो, वंध्य होतो. पिठ्या ढेकणात तर एका बॅक्टेरियाच्या पोटात दुसरा राहतो, आणि दोघं मिळून एकेक अमिनो आम्ल पुरं करतात. घरातल्या तांदळातल्या सोंड्याचं काळं कठीण कवचही त्याच्या बॅक्टेरियाच्या मदतीने घडतं; ते घडून झालं की सोंडा आपल्या आतड्याभोवतीचे ते बॅक्टेरिया स्वतःच पचवून टाकतो. ढेकूण, म्हणजे गादीतला, बी जीवनसत्त्वांसाठी चक्क वोल्बाकियावरच अवलंबून आहे, तेव्हा वोल्बाकिया म्हणजे नेहमी उपद्रवीच असंही नाही. पण म्हणून शेतात अँटिबायोटिक फवारायचं? डाळिंबाच्या तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लिन या अँटिबायोटिकचा जो बेसुमार वापर झाला त्याने आधीच पुरेसं डोकं दुखवलं आहे. माणसांच्या औषधाला प्रतिकार करणारे जंतू मातीत तयार करून कोळीही जिवंत ठेवायचा, यात शहाणपण नाही.

बाधित नर सोडून कोळ्याची वाढ रोखता येईल का, असंही तुम्ही तोंडी परीक्षेत ऐकाल, कारण डासांत ते चालतं. हानेस लावेन यांनी 1967 मध्ये रंगूनजवळच्या ओक्पो गावात विसंगत नर सोडून क्युलेक्स डास संपवून दाखवला, तेव्हा त्यामागे वोल्बाकिया आहे हेही माहीत नव्हतं. ते 1971 मध्ये येन आणि बार यांनी जोडलं. मुळात या बॅक्टेरियाला 1924 मध्ये हर्टिग आणि वोल्बाक यांनी पाहिलं होतं तेही क्युलेक्समध्येच. डेंगू पसरवणाऱ्या एडिस डासात आज दोन वाटा आहेत. सिंगापूर फक्त नर सोडतं. इंडोनेशियातल्या योग्यकर्तात मात्र वोल्बाकिया घातलेले नर-मादी दोन्ही सोडून वस्तीच बदलली, कारण असा डास डेंगूचा विषाणू नीट वाहू शकत नाही. 2021 मध्ये आलेल्या त्या चाचणीत डेंगूचं प्रमाण 77 टक्क्यांनी कमी निघालं. पुदुच्चेरीच्या आयसीएमआरच्या कीटकवाहक संशोधन केंद्रानेही असे एडिस वंश तयार केले आहेत.

कोळ्यात हे जमणार नाही, आणि कारण तुमच्याच आकड्यांत आहे. मुली मरतात, पण मुलगे जन्मतात, आणि त्या मुलग्यांना पुढे साध्या माद्या मिळतात. शिवाय कोळी उडत नाही. सोडलेला नर दोन पानांपलीकडे कितीसा जाणार? आणि चुकून बाधित माद्या मिसळल्या तर वस्तीच बाधित होऊन सगळा परिणाम शून्यावर येतो. कॅलिफोर्नियात ड्रोसोफिला सिम्युलन्स या माशीत वोल्बाकियाचा असा प्रसार वर्षाला सुमारे शंभर किलोमीटर वेगाने झाला होता.

पॉलिहाऊसवाल्यांना त्याऐवजी भक्षक कोळ्यांकडे वळवा, पण तिथेही हेच प्रकरण डोकं काढतं. मेटासेयुलस ऑक्सिडेंटॅलिस या भक्षक कोळ्यात वोल्बाकिया आणि एकाच दिशेने न जमणारे क्रॉस दोन्ही नोंदले गेले आहेत. दोन ठिकाणांहून विकत आणलेले भक्षक एकाच बेंचवर ओतले आणि वाढ खुंटली, तर फवारणीचा अंश आणि आर्द्रता तपासण्याबरोबर हेही तपासा. नवीन माल आधी वेगळा वाढवा, जुन्या वसाहतीशी दोन्ही दिशांनी थोडे क्रॉस लावा, आणि मगच एकत्र करा. त्यांचा पीसीआर करायचा असेल तर एक-दोन दिवस उपाशी ठेवा. नाहीतर पोटातल्या लाल कोळ्याचा वोल्बाकिया भक्षकाच्या नावावर लागेल.